तारीख पाठवताना वर्ष आधी लिहा, आणि फाईल उघडताना प्रोग्रॅमला क्रम सांगा

संपादक महोदय,

स.न.वि.वि.

पत्र जरा लांबणार आहे, पण हा विषय दोन ओळीत सांगितला की लोक "हो हो माहितीये" म्हणतात आणि परत तेच करतात, म्हणून सविस्तरच लिहितेय. एका स्प्रेडशीट प्रोग्रॅममधून दुसऱ्यात डेटा नेताना, म्हणजे एक्सेलमधून लिबरऑफिस कॅल्कमध्ये, कॅल्कमधून गुगल शीट्समध्ये, किंवा कुठल्यातरी ऑनलाईन सिस्टीममधून डाऊनलोड केलेली सीएसव्ही फाईल (स्वल्पविरामाने वेगळ्या केलेल्या साध्या मजकुराची) यातल्या कशातही उघडताना, तारखांची वाट लागते. बाकीचे कॉलम बहुतेक वेळा ठीक येतात, तारखांचा बिघडतो, आणि सगळ्यात वाईट म्हणजे बिघडलाय हे दिसतच नाही. मी रोज वेगवेगळ्या लोकांनी पाठवलेल्या याद्या एकत्र करायचं काम करते, त्यामुळे हे किती ठिकाणी होतंय ते समोर दिसतं, आणि याबद्दल मराठीत नीट कुणी सांगत नाही याचं मनापासून वाईट वाटतं.

आधी एक सल्ला खोडून काढते कारण तो सगळीकडे दिला जातो. तारीख चुकीची दिसतेय? सेल सिलेक्ट कर, फॉरमॅट सेल्समध्ये जा, डेट निवड, झालं. नाही होत. फॉरमॅट बदलल्याने फक्त दिसणं बदलतं, आत जे आहे ते बदलत नाही. आत जर साधा टेक्स्ट असेल तर डेट फॉरमॅट लावूनही तो टेक्स्टच राहतो, आणि आत जर चुकीची तारीख असेल तर ती चुकीचीच तारीख वेगळ्या कपड्यात दिसायला लागते.

आत काय असतं तर एक नंबर असतो, बाकी काही नाही. ३ एप्रिल २०२४ ही तारीख एक्सेल ४५३८५ अशी ठेवतं, ४ एप्रिल म्हणजे ४५३८६, रोज एकेक वाढत जायचं. वेळ म्हणजे त्याचा अपूर्णांक, दुपारचे बारा म्हणजे ०.५ आणि संध्याकाळचे सहा म्हणजे ०.७५, तर ४५३८५.७५ म्हणजे ३ एप्रिलचे संध्याकाळचे सहा. सेलमध्ये ०३/०४/२०२४ दिसो, ३ एप्रिल २४ दिसो नाहीतर बुधवार दिसो, नंबर तोच. कधी कधी लोक घाबरून विचारतात की माझ्या तारखांचे ४५ हजाराच्या आसपासचे आकडे झाले, डेटा करप्ट झाला का, तर नाही झाला, उलट ती सगळ्यात चांगली बातमी आहे, तारीख शाबूत आहे फक्त वरचा फॉरमॅट गळून पडलाय. या एकाच केसमध्ये फॉरमॅट सेल्सचा सल्ला चालतो.

आता खरी अडचण. एक्सेलची स्वतःची फाईल असेल तर त्यात हा नंबर जातो, कॅल्कची ओडीएस फाईल असेल तर त्यात तारीख वर्ष-महिना-दिवस अशी नीट लिहून जाते, दोन्हीकडे शंकेला जागा नसते. पण सीएसव्ही म्हणजे निव्वळ अक्षरं, मध्ये स्वल्पविराम. हा कॉलम तारखेचा आहे की नावाचा हे सांगायची त्यात सोयच नाही. मग उघडणारा प्रोग्रॅम अंदाज लावतो आणि तो अंदाज फाईल बघून नाही तर ज्या कॉम्प्युटरवर उघडली त्याचं रिजनल सेटिंग बघून लावतो. तुमच्याकडे दिवस आधी, समोरच्याच्या सेटिंगमध्ये महिना आधी, फाईल एकच आणि तारखा दोन.

हे जवळून बघा. समजा कॉलममध्ये खाली खाली ०३/०४/२०२४, ११/०४/२०२४, १३/०४/२०२४, २८/०४/२०२४ अशा चार तारखा आहेत, चारही एप्रिलच्या. महिना आधी मानणाऱ्या कॉम्प्युटरवर डबल क्लिक करून उघडल्या की पहिली होते ४ मार्च, दुसरी होते ४ नोव्हेंबर, आणि तिसरी-चौथी मात्र तारीख होतच नाहीत कारण तेरावा नि अठ्ठाविसावा महिना नसतो, मग त्या टेक्स्ट म्हणून तशाच पडून राहतात. म्हणजे ज्या दोन तारखा बिघडल्या त्या छान तारखेसारख्या दिसतायत आणि ज्या दोन वाचल्या त्याच गणितात येत नाहीत! सगळ्यांचं लक्ष न जुळणाऱ्या तेरा आणि अठ्ठावीसकडे जातं, त्या हाताने दुरुस्त केल्या जातात आणि वरच्या दोन तशाच पुढे जातात.

हिशोबच करून सांगते. वर्षातल्या ३६५ तारखांपैकी ज्यांचा दिवस १२ किंवा त्याच्या आत आहे अशा १४४, या उलट्यासुलट्या दोन्हीकडून वाचता येतात. त्यातल्या १२ तारखांमध्ये दिवस आणि महिना सारखाच, १ जानेवारी, २ फेब्रुवारी वगैरे, त्या सुटल्या. उरलेल्या १३२ गुपचूप चुकतात आणि २२१ टेक्स्ट होऊन बसतात. म्हणजे अख्ख्या वर्षात फक्त १२ तारखा धड पोचतात. आणि एखाद्या यादीत योगायोगाने सगळ्याच तारखा महिन्याच्या पहिल्या बारा दिवसातल्या असल्या (हप्त्यांच्या आणि मीटिंगच्या याद्यांमध्ये होतं असं) तर एकही टेक्स्ट उरत नाही, सगळा कॉलम उजवीकडे छान ओळीत, आणि जवळजवळ सगळाच्या सगळा चूक.

एका संस्थेची सभासदांची यादी माझ्याकडे आली होती, नूतनीकरणाची आठवण कुणाला पाठवायची ते त्यातून काढायचं होतं. यादी तीन प्रोग्रॅममधून फिरून आलेली. काही सभासदांची मुदत संपायला सहा सहा महिने बाकी असताना त्यांना "तुमची मुदत संपली" म्हणून मेसेज गेलेले आणि ज्यांची खरंच संपली होती त्यांना काहीच नाही. संस्थेत सगळ्यांनी मिळून डेटा भरणाऱ्या ताईंना बोल लावला होता, आणि मूळ फाईल मागवून बघितली तर त्यांनी एकूण एक तारीख बरोबर भरलेली! मधल्या कुणीतरी सीएसव्ही डबल क्लिक करून उघडली, सेव्ह केली, पुढे पाठवली. मला या विषयाची एवढी तळमळ वाटते त्याचं हेही एक कारण आहे, की प्रोग्रॅमने गपचूप केलेल्या बदलाचं खापर कायम टाईप करणाऱ्या माणसावर फुटतं.

सेव्ह करण्याचा मुद्दा वेगळा सांगायला हवा कारण तो फारसा कुणाला माहीत नसतो. एक्सेल सीएसव्ही सेव्ह करताना आतला नंबर लिहीत नाही, सेलमध्ये जे दिसतंय ते लिहितं. तुम्ही रिपोर्ट सुटसुटीत दिसावा म्हणून तारखेच्या कॉलमला नुसतं महिना आणि दोन आकडी वर्ष असा फॉरमॅट दिला असेल, एप्रिल-२४ असं दिसेल, तर सीएसव्हीत तेवढंच जातं आणि दिवस कायमचा गेला. परत ती फाईल उघडली की प्रोग्रॅम एकतर त्या महिन्याची १ तारीख धरतो किंवा सेटिंगप्रमाणे २४ हा दिवस समजून त्याला चालू वर्ष चिकटवतो. दोन्हीकडे तुमची मूळ तारीख नाही. कॅल्कमध्ये निदान सीएसव्ही सेव्ह करताना "जसं दिसतंय तसं सेव्ह करा" असा एक चेकबॉक्स समोर येतो आणि लोक तो न वाचता ओके करतात. वाचा तो. दिसतंय तेच जाणार हे एकदा डोक्यात बसलं की सेव्ह करायच्या आधी कॉलमवर नजर टाकायची सवय आपोआप लागते.

मग उपाय काय, तर पाठवताना तारीख २०२४-०४-०३ अशी लिहायची. आधी चार आकडी वर्ष, मग दोन आकडी महिना, मग दोन आकडी दिवस, मध्ये आडवी रेघ. हे मी मनाने सांगत नाहीये, आयएसओ ८६०१ नावाचं आंतरराष्ट्रीय मानक आहे, १९८८ मध्ये पहिल्यांदा आलं, त्यात हेच आहे. वर्ष आधी आलं की पुढचा महिना आणि शेवटचा दिवस, असंच सगळे वाचतात, त्यामुळे एक्सेल, कॅल्क, शीट्स तिन्ही ही तारीख कुठल्याही सेटिंगमध्ये बरोबर ओळखतात. शिवाय कॉलम चुकून टेक्स्ट राहिला तरी सॉर्ट केल्यावर तारखा ओळीनेच लागतात, जे दिवस आधी लिहिलेल्या टेक्स्टमध्ये कधीच होत नाही, तिथे १ जानेवारीच्या शेजारी १ फेब्रुवारी येऊन बसतो.

एक्सेलमध्ये यासाठी फॉरमॅट सेल्समध्ये कस्टम निवडून चार वेळा वाय, रेघ, दोन वेळा एम, रेघ, दोन वेळा डी टाईप करायचं. टेक्स्ट फंक्शनने पण होतं पण त्यात एक अडचण आहे, त्यातली अक्षरं त्या त्या भाषेच्या सेटिंगप्रमाणे बदलतात, जर्मन सेटिंगच्या एक्सेलमध्ये वर्षासाठी वायच्या जागी जे लागतो, म्हणून फाईल दुसऱ्या भाषेच्या सेटिंगवर जाणार असेल तर फॉर्म्युल्यापेक्षा कस्टम फॉरमॅट बरा.

आणि इथे एक सापळा आहे, नीट लक्ष द्या. समोरच्याने तुम्हाला २०२४-०४-०३ अशी छान सीएसव्ही पाठवली, तुम्ही ती एक्सेलमध्ये डबल क्लिकने उघडली, एक्सेलने तारीख बरोबर ओळखली पण लगेच ती तुमच्या कॉम्प्युटरच्या नेहमीच्या फॉरमॅटमध्ये दाखवायला लागलं, ०३/०४/२०२४. तुम्ही कुठल्यातरी ओळीत एक स्पेलिंग सुधारलं, कंट्रोल एस दाबलं, फाईल सीएसव्हीच. झालं, दिसतंय ते सेव्ह झालं आणि त्या फाईलमधल्या सगळ्या तारखा परत दोन अर्थाच्या झाल्या, तुम्ही तारखेच्या कॉलमला हातही लावला नव्हता. म्हणून बघायला उघडलेली सीएसव्ही सेव्ह करू नका, आणि करायचीच असेल तर आधी त्या कॉलमला वर्ष आधी असलेला फॉरमॅट द्या आणि मगच सेव्ह करा.

दुसऱ्या बाजूने, म्हणजे फाईल आपल्याकडे आली तर, डबल क्लिक टाळायचं एवढंच खरं तर पुरेसं आहे. कॅल्क या बाबतीत सगळ्यात सरळ आहे, सीएसव्ही उघडली की इम्पोर्टची खिडकी येतेच, तिथे खाली प्रीव्ह्यूमध्ये तारखेच्या कॉलमच्या डोक्यावर क्लिक करून टाईपमध्ये डेट निवडायचा आणि क्रम द्यायचा, डीएमवाय, एमडीवाय की वायएमडी. क्रम फाईलमध्ये जो आहे तो द्यायचा बरं का, आपल्याला जो हवाय तो नाही, इथे फार लोक गडबडतात. एक्सेलमध्ये आधी रिकामं वर्कबुक उघडून डेटा टॅबमधून फ्रॉम टेक्स्ट किंवा सीएसव्ही घ्यायचं, तिथे ट्रान्सफॉर्म डेटा केलं की कॉलमचा टाईप "युझिंग लोकेल" वापरून ठरवता येतो, म्हणजे ही फाईल कुठल्या पद्धतीची आहे ते आपण सांगतो. गुगल शीट्समध्ये फाईल मेनूत सेटिंग्ज, तिथे लोकेल, ते आधी बघायचं, आणि इम्पोर्ट करताना टेक्स्टचे नंबर-तारखा बनवू का असा जो चेकबॉक्स असतो तो शंका असेल तर काढून टाकायचा, सगळं टेक्स्ट म्हणून येऊ दे, मग आपण सावकाश बदलू.

आणि मुळात दोघांकडे एक्सेलची फाईल किंवा ओडीएस उघडत असेल तर सीएसव्हीच्या वाटेला जायचंच कशाला? तिन्ही प्रोग्रॅम या दोन्ही फाईली उघडतात.

तरी नंबर गेला म्हणजे सगळं निभावलं असंही नाही, कारण नंबर मोजायला सुरुवात कुठून केली हा प्रश्न उरतोच. एक्सेलचं पहिलं व्हर्जन १९८५ मध्ये मॅकवर आलं, तिथे मोजणी १ जानेवारी १९०४ पासून आणि तीही शून्यापासून. विंडोजच्या एक्सेलमध्ये १ जानेवारी १९०० म्हणजे १. मॅकचं एक्सेल २०११ च्या आवृत्तीपासून १९०० वर आलं, पण जुन्या फाईली अजून फिरतायत आणि सेटिंग तर आजही आहे. दोघांत फरक १४६२ दिवसांचा, चार वर्षं आणि एक दिवस. म्हणजे १९०४ वाल्या वर्कबुकमधली ३ एप्रिल २०२४ कॉपी करून १९०० वाल्यात पेस्ट केली आणि नंबर तसाच उतरला तर २ एप्रिल २०२० दिसते, उलट बाजूने आली तर ४ एप्रिल २०२८. अख्खा कॉलम बरोबर चार वर्षं आणि एक दिवसाने सरकलेला दिसला की दुसरं काही शोधत बसू नका, हेच आहे. कुठल्याही रिकाम्या सेलमध्ये १४६२ लिहा, कॉपी करा, तारखांचा कॉलम सिलेक्ट करून पेस्ट स्पेशलमध्ये तारखा मागे गेल्या असतील तर ॲड, पुढे गेल्या असतील तर सबट्रॅक्ट करा, फॉरमॅट परत डेट करा.

१९०० चं अजून एक प्रकरण आहे. ते लीप वर्ष नव्हतं, कारण शतकाचं वर्ष ४०० ने भागलं गेलं तरच लीप, २००० होतं, १९०० नाही. पण १९८३ मध्ये आलेल्या लोटस १-२-३ या जुन्या स्प्रेडशीट प्रोग्रॅमने ते लीप धरलं होतं आणि लोटसच्या फाईली चालाव्यात म्हणून एक्सेलने तीच चूक जाणूनबुजून ठेवली, म्हणून एक्सेलमध्ये ६० नंबर म्हणजे २९ फेब्रुवारी १९००, जी तारीख कधी उगवलीच नाही. कॅल्क आणि शीट्सने हा दिवस न घेता मोजणी ३० डिसेंबर १८९९ पासून केली, त्यामुळे १ मार्च १९०० पासून पुढे तिघांचे नंबर जुळतात आणि त्याच्या आधीच्या दोन महिन्यात एकाचा फरक राहतो. रोजच्या कामात याने बिघडत नाही. पण जुन्या नोंदी, वंशावळी, दप्तरं टाईप करणाऱ्यांना माहीत असलेलं बरं, कारण १९०० च्या आधीची तारीख एक्सेल तारीख मानतच नाही, टेक्स्ट ठेवतं, कॅल्क मात्र मानतं. अशा नोंदींसाठी वर्ष, महिना, दिवस तीन वेगळ्या कॉलममध्ये ठेवणं मला सगळ्यात पटतं, कुठल्याच प्रोग्रॅमला त्यात ढवळाढवळ करता येत नाही.

दोन आकडी वर्ष तर लिहूच नका. प्रत्येक प्रोग्रॅममध्ये एक सीमारेषा असते, तिच्या अलीकडचा आकडा २००० च्या शतकात आणि पलीकडचा १९०० च्या शतकात, एक्सेलमध्ये बरीच वर्षं ती २९ आणि ३० च्या मध्ये होती. ही रेषा सेटिंगमध्ये बदलता येते म्हणजे दोन कॉम्प्युटरवर वेगळी असू शकते, आणि जन्मतारीख ४/३/३५ लिहिलेले आजोबा कुठे अजून जन्मायचेच असतात.

आता उलटा प्रकार, जे तारीख नाहीच त्याची तारीख होणं. ३-४ असा गट, १०-१२ अशी रेंज, ५/१२ असा फाईल नंबर, टाईप केलं किंवा सीएसव्हीतून आलं की लगेच तारीख. शास्त्रज्ञही यातून सुटलेले नाहीत. माणसाच्या जीन्सना, म्हणजे जनुकांना, सेप्ट२, मार्च१ अशी छोटी नावं होती, एक्सेल त्यांना २ सप्टेंबर आणि १ मार्च करून टाकायचं. २००४ मध्येच यावर शोधनिबंध आला होता, मग २०१६ मध्ये जीनोम बायोलॉजी या नियतकालिकात आलेल्या पाहणीत दिसलं की एक्सेलमध्ये जीन्सच्या याद्या जोडलेल्या शोधनिबंधांपैकी साधारण पाचातल्या एका निबंधात ही गडबड आहे. शेवटी २०२० मध्ये जीन्सची नावं ठरवणाऱ्या समितीने नावंच बदलली, सेप्ट२ चं सेप्टिन२ आणि मार्च१ चं मार्चएफ१. आणि २०२३ मध्ये एक्सेलने हे आपोआप बदलणं बंद करायचा पर्याय दिला, ऑप्शन्समध्ये डेटा, तिथे ऑटोमॅटिक डेटा कन्व्हर्जन. आधी नावं बदलली, मग पर्याय आला, हे मला आजही खटकतं. माणसाने काय लिहिलं ते बदलायच्या आधी प्रोग्रॅमने विचारलं पाहिजे, मग तो कुठलाही असो आणि कितीही हुशार असो. तोपर्यंत आपण ज्या कॉलममध्ये असे नंबर येणार तो टाईप करायच्या आधीच टेक्स्ट करून ठेवायचा. नंतर करून उपयोग नाही, तोपर्यंत मूळ ३-४ गेलेलं असतं आणि हाती भलताच पाच आकडी नंबर येतो.

वेळेसकट तारीख असेल तर अजून एक बघायचं, फाईल कुठल्या वेळेत लिहिलीय ते. सेलमधल्या नंबरला टाईमझोन माहीत नसतो. सर्व्हरवरून येणारा डेटा बऱ्याचदा युटीसी म्हणजे जागतिक प्रमाण वेळेत असतो, आणि युटीसीच्या पुढे असलेल्या देशात ज्याची नोंद ३ एप्रिल सुरू होताच मध्यरात्री झाली ती युटीसीत २ एप्रिल असते, मग कुणीतरी वेळ कापून नुसती तारीख ठेवली की एक दिवस मागे. एक दिवसाचा फरक दिसला की लोक लीप वर्षावर संशय घेतात, आधी टाईमझोन तपासा.

तपासायचं कसं हे शेवटी सांगते, कारण हे प्रत्येक फाईलला करता येतं आणि पटकन होतं. तारखेच्या कॉलमचा फॉरमॅट जनरल करा, खऱ्या तारखा आकडे होतील आणि टेक्स्ट तसाच राहील, कोण कुठला ते लगेच कळतं. नुसतं डावीकडे-उजवीकडे बघून ठरवू नका, कुणीतरी कॉलम सेंटर केलेला असतो. मग काउंट आणि काउंटए लावा, काउंट फक्त नंबर मोजतं आणि काउंटए सगळं भरलेलं मोजतं, दोन्ही सारखे आले पाहिजेत. मिन आणि मॅक्स बघा, २०२४ च्या यादीत २०२० किंवा २०२८ निघालं तर वर १४६२ चं सांगितलंय ते. आणि डे फंक्शनने सगळ्यांचे दिवस काढून बघा, यादी मोठी असून (आणि हप्त्यांसारखी मुळातच पहिल्या बारा दिवसांची नसून) एकाही खऱ्या तारखेचा दिवस १२ च्या वर नसेल तर दिवस-महिना उलटे झालेत यात मला तरी शंका वाटत नाही.

दुरुस्ती करायची तर सगळ्यात आधी मूळ फाईल मागा, ती असेल तर बाकी काही करू नका, नीट इम्पोर्ट करा. मूळ फाईल नसेलच तर दोन तुकडे वेगळे करायचे. जे टेक्स्ट राहिलेत ते डेटा टॅबमधल्या टेक्स्ट टू कॉलम्सने, शेवटच्या पायरीवर डेट निवडून डीएमवाय दिलं की नीट तारखा होतात. ज्या उलट्या होऊन तारखा झाल्यात त्यांना टेक्स्ट टू कॉलम्स काही करत नाही, त्यासाठी डेट फंक्शन, वर्षाच्या जागी वर्ष, महिन्याच्या जागी डे आणि दिवसाच्या जागी मंथ द्यायचा, म्हणजे परत सुलट. दोन्ही तुकडे मिसळून एकच फॉर्म्युला खाली ओढला तर टेक्स्टवाल्यांवर एरर येतो किंवा कुणाची तारीख दोनदा उलटते, म्हणून आधी आयएसनंबर (सेलमध्ये नंबर आहे की नाही ते सांगणारं फंक्शन) लावून फिल्टर करा.

माझी विनंती आहे ती याद्या पाठवणाऱ्यांना, मग ते ऑफिस असो, संस्था असो की सगळ्यांसाठी डेटा खुला करणारं खातं. तारखा वर्ष आधी लिहून द्या, आणि फाईलसोबत एक ओळ लिहा की तारखा या क्रमात आहेत, वेळ अमुक टाईमझोनची आहे. कॉम्प्युटरचे क्लास घेणाऱ्यांनाही सांगणं आहे, पिव्हट टेबलच्या आधी एक तास सीएसव्ही कशी उघडायची यावर घ्या, मुलं नोकरीला लागल्यावर पहिल्याच आठवड्यात हेच काम समोर येतं. आणि संपादक महोदय, पत्र छापताना जागेअभावी कापावं लागलं तर १९०० चं प्रकरण कापा, सेव्ह केल्यावर काय होतं तो परिच्छेद मात्र राहू द्या, त्या ताईंसारखे बोल खाणारे वाचक तुमच्याकडेही नक्की असतील.

आपली,
एक नियमित वाचक